बाबांचा रुमाल

भाषणाचा विषय होता ‘माझं मत’ आणि ते बाबांनी लिहिलं होतं. खुणाही त्यांच्याच: रुमाल गुडघ्यावर ठेवला की हात उंचवायचा, कपाळाला लावला की गळा दाटून आणायचा. ‘चिमणे, फक्त रुमालाकडे बघ, करंडक आपलाच.’ पण ऐन स्पर्धेत पंखे बंद पडले आणि पहिल्या रांगेतले बाबा सारखं कपाळ पुसायला लागले. ‘आमच्या मांजरालासुद्धा मत आहे,’ हे हसवायचं वाक्य तिने हुंदके देत म्हटलं. पोरं खिदळली. बाबांना आणखी घाम फुटला, रुमाल थांबेना आणि तिची नजर त्यावरून हलेना. शेवटी ती माइकमध्येच म्हणाली, ‘बाबा, जरा बाहेर बसता का? तिथे वारा आहे.’ बाबा उठले. सभागृहाचं दार लागलं. आता हात कधी उंचवायचा हे सांगायला कोणीच नव्हतं. दोन्ही हात पाठीमागे बांधून ती बोलायला लागली.