चौदा नंबरचा दगड

अमृता बारावी झाली, त्या वर्षीच्या जुलैत कपिल तायडे आईला आणि मुलीला घेऊन एडमंटनहून फ्रान्सला आला. दक्षिणेकडच्या एका गावात रोमन लोकांनी बांधलेलं अँफिथिएटर, झुंजी बघायचं गोल मैदान, होतं. दोन हजार वर्षांपूर्वीचं.

तिकिटाबरोबर प्रत्येकाला गळ्यात अडकवायचं एक यंत्र आणि हेडफोन मिळाले. भिंतीवर दिसेल तो नंबर दाबायचा, की यंत्र त्या जागेची माहिती सांगतं. सात भाषा होत्या. मराठी नव्हती. अमृतानं आपल्या यंत्रावर शाळेत शिकलेली फ्रेंच लावली. कपिलनं आईच्या यंत्रावर इंग्रजी लावून दिली.

"मले काय समजते त्यातलं?" इंदुमती म्हणाली.

"असू दे गं आई. तिकिटातच आहे."

अंधाऱ्या दगडी बोळातून तिघं बाहेर उन्हात आली आणि इंदुमती होती तिथंच थांबली. चारी बाजूंनी पायऱ्या वर चढत गेल्या होत्या. कुठं चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड, आणि सगळ्यात वर आभाळाचा गोल तुकडा.

तिनं नंबर दाबला. कानात हजारो माणसं एकदम ओरडली. ती दचकली. हेडफोन काढले, तर शांत. समोर एक कबुतर चालत होतं. परत लावले, तर परत तोच गलका.

"एवढी माणसं," ती म्हणाली, "अन् एक बी नाही राह्यलं."

कपिल फोन बघत होता.

"आई, बेंचच्या पाटीचं उद्यापर्यंत पाठवायचंय. मग वर्षभर चान्स नाही."

कपिलचे वडील गुणवंत नोव्हेंबरात वारले होते. एडमंटनला नदीकाठच्या पार्कात ते रोज ज्या जागी बसायचे, तिथं त्यांच्या नावाचा बेंच ठेवायचा होता. पाटीवर काय लिहायचं, एवढंच राहिलं होतं. कपिलनं आठ महिन्यांत कितव्यांदा तरी वाचून दाखवलं, "इन लव्हिंग मेमरी. बिलव्हेड हजबंड अँड फादर. फॉरेव्हर इन अवर हार्ट्स. छान आहे ना? त्यांच्या सँपलमधलंच आहे. सगळे हेच लिहितात."

"पाहू," इंदुमती म्हणाली. आठ महिने ती हेच म्हणत होती.

पाटीचा नमुना तिनं पाहिला होता. अक्षरं तिरपी, एकमेकांत अडकलेली. लायब्ररीतल्या वर्गात ती सत्तरीत इंग्रजी मोठी अक्षरं शिकली. मग गुणवंतांचं दुखणं निघालं, वर्ग सुटला आणि बारीक अक्षरं राहून गेली. त्या नमुन्यात तिला नवऱ्याचं नावसुद्धा सापडलं नव्हतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

कपिलचे गुडघे दुखायला लागले, म्हणून तिघं सावलीच्या कमानीखाली गेली. भिंतीला टेकवून एक दगड उभा केला होता. बाजूला चौदा नंबर. इंदुमती वाकली. दगडावर अक्षरं कोरलेली होती. सरळ, सुटी, खोल. बोट ठेवून ती एकेक म्हणू लागली.

"व्ही. आय. टी. ए. एल..."

"आजी, दॅट्स लॅटिन," अमृता म्हणाली. "नोबडी कॅन रीड इट."

"मी वाचून राहिली ना. आय. यस."

अमृतानं पाहिलं. खरंच तेच लिहिलं होतं. सगळी मोठीच अक्षरं.

"आई, तू रोमन निघालीस की!" कपिल हसला.

"हस बाप्पा. तुही इंग्रजी अन् हिची फ्रेंच पडली ना बाजूले?" तिनं दगडावरून हात काढला नाही. "कोण होय हा?"

अमृतानं चौदा दाबलं. थोडा वेळ ऐकलं आणि अडखळत सांगितलं, "विटालिस. तो इथे फाइट करायचा, आजी. इलेव्हन टाइम्स. मग डेड. ट्वेंटी-फाइव्ह इयर्सचा होता. हा स्टोन त्याच्या वाइफनं लावला. ऑप्टाटा तिचं नाव."

"तिचं नाव हाय याच्यावर?"

"हो. लास्ट लाइन."

इंदुमतीचं बोट शेवटच्या ओळीवर गेलं. ओ. पी. टी. ए. टी. ए. एकही अक्षर झिजलेलं नव्हतं. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि क्षणभर त्या दगडासमोर हात जोडले. बाजूनं जाणारी माणसं बघत होती.

"अमृता, पेन दे."

तिकिटाच्या पाठीमागं, त्याच दगडाला कागद टेकवून, ती लिहू लागली. नवऱ्याचं नाव तिला येत होतं. आपलं येत होतं. बाकीच्या इंग्रजी शब्दांची अक्षरं अमृतानं सांगितली. कपिल मागून वाचत होता.

"आई, एवढंच? लव्हिंग वगैरे काहीच नाही? फारच प्लेन वाटतं गं. लोक काय म्हणतील?"

"लोकं वाचतीन," इंदुमती म्हणाली. "मी बी वाचीन. अन् सारे अक्षरं मोठेच ठेव. एक बी बारीक नको."

कपिलनं फोनवर ते जसंच्या तसं टाइप केलं. मग आईला दाखवलं. तिनं काचेवर बोट फिरवत सगळं वाचलं, आणि मान हलवली. त्यानं पाठवून दिलं. इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत, पाटीवर एवढंच होतं:

गुणवंत तायडे. अठ्ठ्याहत्तर वर्षं जगले. पाटी बायकोनं, इंदुमतीनं लावली. वारले अकरा नोव्हेंबर दोन हजार तेवीस, एडमंटन.