चार नंबरच्या मशीनचा सात

सकाळी अकरा वाजता पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये गाडळकर सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की मुकुंद आणि यशोधरा यांचा असेंब्ली या संगणकभाषेतला प्रोग्रॅम शब्दन्‌शब्द सारखा आहे. कीबोर्डवरून दोन अंक घ्यायचे, त्यांची तुलना करायची आणि मोठा अंक दाखवायचा. नागापूरच्या कारखान्याला ज्याचा प्रोग्रॅम उत्तम, असा एकच विद्यार्थी हवा होता.

"मुकुंदची फ्लॉपी आधी आली. उतरवलंस ना, यशोधरा?"

"न्हाई सर, माझाच हाय." चिडली की तिच्या तोंडी गावाकडची, घोडेगावची बोली यायची. ती मुकुंदकडे वळली. "तुझ्या मशीनवर आधी पाच दाब. मग सातऐवजी एस हे अक्षर दाब."

"अगं, एस काय अंक आहे का?" मुकुंद हसला, पण त्यानं दाबलं. पडद्यावर आलं, मोठा अंक सात. त्याचं हसू मावळलं.

"मी चार नंबरच्या मशीनवर बसते. तिथला सात महिनाभर दबतच नाही, म्हणून मी प्रोग्रॅमला एस म्हणजे सात असं धरायला लावलं. तुझ्या मशीनचा सात तर चांगला आहे. मग तू कशाला लावलंस?"

मुकुंदनं सरांकडे पाहिलं. सरांनी पुढे होऊन मशीन बंद केलं.

तेव्हा कुठे यशोधराच्या लक्षात आलं. एसची युक्ती तिला सरांनीच सुचवली होती. तिची फ्लॉपी ज्या कपाटात असायची, त्याची एकमेव किल्लीही सरांच्याच खिशात होती.

संध्याकाळी पाचपर्यंत नागापूरला जायच्या कागदावर सरांनी कुणाचंच नाव लिहिलेलं नव्हतं.