दोन नर

"हे दोन द्या." ओरथायनं काचेवर बोट ठेवलं. "लाल-निळ्या पट्ट्यांचे. काय झकास दिसतायत! चालतील ना, बाबा?"

"हो," सासरे बुनलुआ म्हणाले.

ओरथायनं सुस्कारा सोडला. ते हल्ली सगळ्यालाच हो म्हणत. एप्रिलमध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलण्यातला तेवढा एकच शब्द शिल्लक राहिला. भात वाढू? हो. पुरे झाला? हो. दुखतंय का? हो. दुखत नाही ना? हो. त्यांना खरंच काय हवंय ते घरात कुणालाच कळत नव्हतं. तिचा नवरा फैरोत तर वडिलांना काही विचारेनासाच झाला होता. दिवाणखान्यातली त्यांची माशांची काचेची पेटी ते दवाखान्यात असतानाच रिकामी झाली होती. ती काढून तिथं कपाट ठेवायचं त्यानं परस्पर ठरवलं, आणि बाबा त्यालाही हो म्हणाले.

ओरथायला ते काही पटेना. रविवार उजाडल्याबरोबर तिनं सासऱ्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं आणि थेट चतुचक बाजारात माशांच्या गल्लीत आणलं. माशांतलं तिला स्वतःला ओ की ठो कळत नव्हतं.

दुकानाची मालकीण लमाई जाळी घेऊन पुढं आली. बुनलुआ तिचं जुनं गिऱ्हाईक. एकेका गुरामी माशासाठी तासभर हुज्जत घालणारं. तिनं पेटीवरचं झाकण उचललं आणि सहज त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आवळला होता. चेहरा लालबुंद झाला होता.

"काका, हे दोन बांधून देऊ?"

"हो," बुनलुआ म्हणाले. पण मान मात्र, झटक्यानंतर पहिल्यांदाच, जोरजोरात आडवी हलत होती.

ओरथाय त्यांच्यापुढं उकिडवी बसली. "बाबा, नको आहेत का?"

"हो... हो..." त्यांनी डावा हात दांड्यावर आपटला. डोळ्यांत पाणी आलं.

"असू दे, बाबा. जाऊ या आपण घरी."

"थांबा, ताई," लमाई म्हणाली. तिनं जाळी पाण्यात घातली, सावकाश. "बघा हं, काका. दोघांना एकाच पिशवीत टाकते."

"ना..." बुनलुआंच्या घशातून आवाज आला. "ना... नाही!"

पलीकडच्या दुकानातली माणसं वळून बघू लागली. जाळी तशीच थांबली.

"काय म्हणालात?" ओरथायनं विचारलं.

"दोन नर!" शब्द अडखळत, ठेचकाळत येत होते. "भां... भांडतील! मूर्ख!"

ओरथाय उठून उभी राहिली. "मला मूर्ख म्हणाले," तिनं लमाईला सांगितलं, लॉटरी लागल्यासारखं. मग पुन्हा, "ऐकलंत ना? मूर्ख म्हणाले मला!" आणि ती रडायला लागली.

"बरोबरच आहे त्यांचं. लहान पेटीत दोन नर टाकले की एक दुसऱ्याला जगू देत नाही," लमाई म्हणाली. "मी सांगणारच होते. पण काकांचं तोंड बघितलं आणि म्हटलं, यांनाच सांगू द्यावं."

ओरथायनं डोळे पुसले. मग पुढच्या पेटीकडे बोट केलं.

"हे मोठे निळे?"

"नाही. दां... दांडगट."

"आणि हे? अय्या, एकमेकांचे पापे घेतायत!"

"पापे नाही." बुनलुआंचा ओठ वाकडाच, पण हलला. "कु... कुस्ती."

लमाई खो खो हसली. शेवटी बुनलुआंनीच खुर्ची पुढं घ्यायची खूण केली आणि खालच्या एका पेटीवर बोट टेकवलं. आत मोतिया ठिपक्यांचे गुरामी संथ फिरत होते. लालसर गळ्याचा एक नर त्यांनी निवडला, आणि माद्या निवडताना लमाईला जाळी तीनदा रिकामी करायला लावली. हवा भरून फुगवलेली पिशवी मांडीवर आली तेव्हा तिच्यावर वाकून ते बराच वेळ मासे बघत राहिले.

ओरथायनं फैरोतला फोन लावला. "ऐक. बाबा मला मूर्ख म्हणाले."

"काहीतरीच काय! झोपमोड केलीस माझी."

"थांब." तिनं फोन सासऱ्यांसमोर धरला आणि हातभर लांबीच्या एका जाडजूड गुरामीकडे बोट दाखवलं. "बाबा, हाही घेऊ? त्याच पेटीत ठेवू."

"नाही! पेटी फो... फोडेल!"

फोनमधून पलंग करकरल्याचा आवाज आला. फैरोत उठून बसला असावा.

"अगं... आणखी काहीतरी विचार ना."

तिनं चालू फोन बुनलुआंच्या मांडीवर, पिशवीशेजारी ठेवला, खुर्ची वळवली आणि आणखी विचारायला शेजारच्या दुकानाकडे निघाली. शेजारचं दुकान कासवांचं होतं.