शांत करायचं औषध

मागच्या गॅलरीत लिंबाचा वास सुटला होता. मावशीनं मधमाश्यांच्या लाकडी पेटीच्या तोंडाशी वाकून पाहिलं.

मेणाच्या बारीक नळीतून काळ्या, चकचकीत माश्या आत शिरत होत्या. एकीमागून एक, आपल्याच घरी आल्यासारख्या. मावशीच्या माश्यांना नांगी नव्हती, पण चावायच्या कडकडून. साधी मुंगी आली तरी राखणदारणी तुटून पडायच्या. आज त्या अंग चोरून बाजूला झाल्या होत्या.

"अगं, या कुठल्या?"

"माझ्या," भाची म्हणाली.

मावशीनंच लहानाची मोठी केलेली ही भाची काल एक पेटी घेऊन आली होती. प्रयोगशाळेत रंगकाम चाललंय, दोन दिवस राहू दे, म्हणाली होती. कठड्याजवळच्या त्या पेटीचं बूच आता काढलेलं होतं आणि भाचीचा मोबाइल मावशीच्या पेटीवर रोखलेला होता.

"लुटारू जात आहे, मावशी. स्वतः फुलावर म्हणून बसत नाहीत. दुसऱ्याच्या घरात शिरायचं आणि साठवलेलं उचलून आणायचं."

"मग बंद कर ना! आत पिल्लं आहेत गं." मावशीनं नळीवर बोट धरायला हात पुढे केला.

भाचीनं तो हलकेच बाजूला सारला. "थांब ना जरा. माझ्या प्रयोगाची सगळी मेहनत वाया जाईल."

पोटं तट्ट फुगवून काळ्या माश्या बाहेर पडू लागल्या. बाहेरच्या आत, आतल्या बाहेर.

"पण माझ्यांना झालंय तरी काय? चावत का नाहीत?"

"वासामुळे. लुटायला आल्या, की या तो वास सोडतात. मग घरच्यांना आपलं कोण, परकं कोण, काही कळेनासं होतं. कोपरा धरून बसतात बिचाऱ्या." भाची हसली. "अगदी तुझ्यावर गेल्यात. कुणी काही मागो, तुझ्या तोंडून नाही म्हणून निघत नाही!"

मावशी हसली नाही. तिनं आपलं बोट नाकाशी नेलं. त्यालाही तोच लिंबाचा वास येत होता.

सकाळी भाचीनं तिला एक इवलीशी बाटली दिली होती. शेजारी नवी पेटी आली म्हणून तुझ्या बिथरतील, हे नळीला लाव, म्हणाली होती. मावशीनं याच बोटानं ते अलगद लावलं होतं, लेकराला मलम लावावं तसं.

"शांत होतील म्हणाली होतीस तू."

"झाल्याच की!"

पेटीतली गुणगुण थांबली होती. खालच्या फळीवर एक राखणदारीण पाय ओढत चालली होती, कुठं जायचं ते विसरल्यासारखी.

"तुझी तू का नाही लावलंस?" मावशीचा आवाज जेमतेम ऐकू येत होता.

"मी जवळ गेले की केसांत घुसतात मेल्या. तुला कधी चावल्यात का?" भाचीची नजर मोबाइलवरच होती. दुसऱ्या हातानं तिनं खिशातून बाटली काढून पुढे धरली. "हे स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या तुझ्या दुसऱ्या पेटीलाही लावून टाक ना, मावशी. तुझ्याच हातानं."

मावशीनं दोन्ही हात पाठीमागे नेले.