सताड उघडी दारं

आज गल्लीचा मेळावा; सगळ्यांनी दारं सताड उघडी ठेवायची, असा कमिटीचा फतवा होता. स्टेजमागचा पडदा शिलाईवाल्या काकूंनी आठवडाभर डोळे फोडून, फुकटात शिवून दिला होता. दुपारी त्या नटूनथटून निघाल्या, तर दार चार बोटं बाहेर सरकलं आणि अडलं. मांडववाल्यांनी स्टेज नेमकं त्यांच्याच दाराला खेटून ठोकलं होतं, आणि फटीतून दिसत होता तो त्यांचाच पडदा. "अरे, दार अडलंय माझं," असं ओरडून ओरडून घसा बसला, पण भोंग्यापुढे त्यांचं कोण ऐकणार?

तेवढ्यात अध्यक्ष माइकवर म्हणाले, "गल्लीतल्या सर्वात जुन्या रहिवासी म्हणून काकूंचा सत्कार ठेवला होता. पण काही लोकांना आजच्या दिवशीसुद्धा दार उघडायचं जिवावर येतं."