जागच्या जागी

“पण ही जागच्या जागीच फिरते ना? नक्की?” आईने पुन्हा विचारलं.

सायकलवाल्याने हातातला पाना खाली ठेवला. “ताई, सायकलच आहे शेवटी. पुढे नेली तर पुढेही जाते. पण बनवलीये ती एका जागी खेळ करायला. सपाट फरशी मिळाली की झालं.”

आईचं निम्मं समाधान झालं. तिची लेक दोन सायकलींच्या मधे उकिडवी बसून चाकं न्याहाळत होती.

दोन्ही सायकली तयार, जोडलेल्या होत्या. पहिली जरा मोठी, जाड नक्षीच्या टायरची. “ही सगळ्या कामाची,” सायकलवाला म्हणाला. “खेळही करा, कॉलेजलाही जा.” दुसरी ठेंगणी होती. “आणि ही फक्त फ्लॅटलँडची, म्हणजे सपाट जागेवरच्या खेळांची. फ्रेम आखूड, म्हणजे गिरकी घेताना सायकल अंगालगत राहते. टायर गुळगुळीत. दोन्ही चाकांना दोन्हीकडून हे पेग, हे आखूड दांडे, त्यांच्यावर पाय ठेवून उभं राहायचं.”

“फ्रेम आखूड,” आई पुटपुटली. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवून बघायची. “आमच्याकडे निदान तोंड बघून तरी सांगता येतं.”

सायकलवाला हसला. लेकही हसली. आईला जरा बरं वाटलं.

त्यांच्या घरात सायकलचा विषय कधी निघत नसे. थोरला मुलगा सायकलवरून क्लासला गेला होता. वळणावर ट्रक आला. लेक तेव्हा एवढीशी होती, दादा कुठे गेला म्हणून विचारत राहायची. पुढे तिने विचारणं सोडलं. आईने लेकीला शाळेत सोडलं, आणलं, पुन्हा सोडलं. रस्ता ओलांडताना तिचं मनगट धरायची सवय लेक उंचीने तिच्यापुढे गेली तरी सुटली नाही.

आणि महिन्याभरापूर्वी तिला लेकीच्या नडग्या दिसल्या. काळेनिळे डाग, जुन्यावर नवे. कोणी मारतं का तुला, इथपर्यंत तिची मजल गेली. तेव्हा कुठे लेकीने तोंड उघडलं. बास्केटबॉलचं मैदान, मैत्रिणीची सायकल, पेडलचे मार. हे शाळेपासून चाललं होतं. आता मैत्रीण शिकायला परगावी निघाली होती आणि सायकलही तिच्याबरोबर चालली होती.

काही दिवसांनी भाजी चिरता चिरता आईने विचारलं, “रस्त्यावर नाही ना जात?”

“मैदानाबाहेर कधीच नाही, आई.”

त्या एका उत्तराच्या भरवशावर ती आज इथे आली होती.

“चालवून तर बघ,” सायकलवाला म्हणाला. लेकीने ठेंगणी सायकल दुकानापुढच्या फरशीवर काढली. एक गोल फेरी मारली. मग एक पाय पेडलवरून उचलून पुढच्या पेगवर ठेवला, दुसरा हवेत सोडला. मागचं चाक उचललं गेलं आणि सायकल तिच्याभोवती गरकन फिरली. पुन्हा फिरली. तिसऱ्या गिरकीला तोल गेला. आई धरायला पुढे धावली. पण लेकीने सायकल सोडून दिली आणि ती दोन्ही पायांवर अलगद उतरली. सायकल खडखडत आडवी झाली. तिने ती उचलली, हँडल सरळ केलं आणि पुन्हा सुरुवात केली. आईकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

“झक्कास!” सायकलवाला म्हणाला. “पण पोरी, एवढा हात बसलाय तर सगळ्या कामाची का घेत नाहीस? हिच्यावर लांब जायचं म्हणजे दमछाक.”

“मला लांब जायचंच नाहीये, काका.”

“का? आई सोडत नाही?” त्याने थट्टेत विचारलं.

लेक बोटाने सीटवरची धूळ पुसत राहिली. “तसं नाही. लहानपणी मला सायकल खूप हवी होती. पण रस्त्यावर जायचं नाही, हे मला कोणी न सांगताच कळलं होतं. मग म्हटलं, जागेवर राहून काय काय करता येतं ते तरी बघू.” ती हसली. “आता हेच आवडतं. खरंच.”

आई दुकानाच्या दाराला टेकून उभी राहिली. आज आपण लेकीला मोकळीक द्यायला आलोय, असं तिला वाटत होतं. पण आपल्या भीतीने जेवढी जागा शिल्लक ठेवली होती, तेवढ्यात ही पोर इतकी वर्षं गिरक्या घेत होती. एका शब्दाने बोलली नव्हती.

“हीच द्या,” ती म्हणाली. “आणि हेल्मेट.”

हेल्मेट तिने स्वतः लेकीला घातलं. हनुवटीखाली बोट सरकवून पट्टा तपासला. एकदा सैल वाटला म्हणून पुन्हा आवळला.

“टेम्पोत टाकून देतो,” सायकलवाला म्हणाला. “दोघी पुढे बसा, ड्रायव्हर घरी सोडेल.”

लेक सायकल उचलायला वाकली.

“टेम्पो नको,” आई म्हणाली. “तू चालवत जा. मी बसने येते.”

लेक वाकल्या जागी थांबली. “रस्त्याने?”

“मग काय उडत जाणारेस? माझ्या आधी पोचशील. चहा टाकून ठेव.”