शनिवारचं बटण

"हसन! अरे हसन!" सिपोरा नर्स बाळंतिणीच्या खोलीतून हाका मारत होती. नुकतंच जन्मलेलं पोर गारठून निळसर पडलं होतं. उबेच्या दिव्याचं बटण तिच्या हाताशीच होतं. पण आज शब्बाथ, आणि शनिवारी ज्यू माणूस दिवा लावत नाही. त्यासाठीच तर रहमीमआबांनी हसनला ठेवलं होतं. धर्माच्या नियमांनी चालणारा हा दवाखाना आबांनी रेवदंड्यात काढला, त्याचा हा पहिलाच शनिवार.

हसन धावत आला, पण त्याला मागे सारून आबांनी स्वतः बटण दाबलं. सत्तर वर्षांत पहिल्यांदाच.

"आबा, तुम्ही? मी होतो की!"

"तू नसशील तेव्हा ही पोरगी तुझीच वाट बघत बसेल. जीव वाचवायला शब्बाथ मोडायचा, हेही आपल्या धर्मातच आहे, सिपोरा. बघून ठेव."

सिपोरा रडू लागली. थोड्या वेळानं बाळही.

आबा घामाघूम होऊन व्हरांड्यात बंद पंख्याखाली जाऊन बसले. पंख्याचं बटण त्यांच्या हाताशीच होतं. त्याला मात्र त्यांनी हात लावला नाही.

हसननं न सांगताच पंखा लावला.